मुलांच्या मापाचे मैदान

आपल्या शिरोळ तालुक्यात टेनिसचा चेंडू ठाऊक नसलेले घर शोधून सापडायचे नाही. कौलाच्या पन्हाळीत अडकलेला, उसाच्या सरीत हरवलेला, शेजारच्या काकूंनी जप्त करून ठेवलेला असा एखादा तरी चेंडू प्रत्येक घराच्या खात्यावर असतोच. गंमत अशी की या चेंडूने आपण क्रिकेट खेळतो, लगोरी फोडतो, एकमेकांच्या पाठी शेकतो. टेनिस मात्र खेळत नाही. टेनिस म्हणजे साहेबलोकांचा, क्लबाचा, पांढऱ्या कपड्यांचा खेळ, ही समजूत आपल्या डोक्यात घट्ट बसली आहे.

ती समजूत अलीकडे थोडी सैल होऊ लागली. २०२२ साली विम्बल्डनने प्रथमच चौदा वर्षांखालील मुलामुलींची स्पर्धा भरवली आणि त्या हिरवळीवर आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची ऐश्वर्या जाधव खेळली. पुढच्याच वर्षी हांगझाऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. आता आमच्या दवाखान्यातही सर्दी-खोकल्याचे औषध घेता घेता आई-वडील विचारू लागले आहेत, "डॉक्टरसाहेब, पोराला टेनिसला घालावं म्हणतोय. सहा वर्षांचा झालाय. चालंल न्हवं?"

चालेल. चांगलेच चालेल. पण कसे घालायचे, हा प्रश्न 'घालायचे का' या प्रश्नापेक्षा मोठा आहे, आणि आजच्या लेखाचा विषय तोच आहे.

वाढत्या अंगाची रॅकेट

आपल्याकडे मुलांचे कपडे 'वाढत्या अंगाचे' घेण्याची रीत आहे. शर्टाच्या बाह्या दुमडायच्या, पँटला आत दुमड घालायची, चपलेच्या टोकाशी बोटभर जागा ठेवायची. पैशाची ओढाताण असलेल्या घरात यात वावगे काही नाही. शर्ट सैल असला म्हणून मुलाला अपाय होत नाही. पण हाच हिशेब लोक खेळाच्या साहित्यालाही लावतात. "एकदाच मोठी रॅकेट घेऊन ठेवू, दहावीपर्यंत पुरेल," असे म्हणून सहा वर्षांच्या मुलाच्या हातात मोठ्या माणसाची रॅकेट दिली जाते आणि त्याला मोठ्या माणसाच्या मैदानावर उभे केले जाते.

याचा अर्थ काय होतो, ते जरा आकड्यांत पाहू. पहिलीतल्या मुलाची उंची साधारण पावणेचार फूट. त्याच्या वडिलांची पाच फूट सात इंच धरू. म्हणजे वडील मुलाच्या जवळजवळ दीडपट. टेनिसची जाळी मध्यभागी तीन फूट उंच असते. मुलाला ती जशी दिसते तशी वडिलांना दाखवायची, तर ती जवळजवळ साडेचार फूट करावी लागेल. एकेरीचे मैदान ७८ फूट लांब आणि २७ फूट रुंद असते. त्याच हिशेबाने वडिलांना ११५ फूट लांबीच्या मैदानावर धावावे लागेल. मोठ्यांची रॅकेट २७ इंचांची. वडिलांच्या हातात ती ४० इंचांची होईल. तिचे वजन ३०० ग्रॅम धरले आणि वीस किलोच्या मुलाची तुलना पासष्ट किलोच्या बापाशी केली, तर बापाला जवळजवळ एक किलोची रॅकेट फिरवावी लागेल.

आता चेंडूचे पाहा. टेनिसच्या नियमाप्रमाणे चेंडू १०० इंच उंचीवरून टणक जमिनीवर सोडला, तर तो ५३ ते ५८ इंच उसळावा लागतो. आणि आपल्या पहिलीतल्या बाळाची सबंध उंची किती? ४५ इंच! म्हणजे चेंडू त्याच्या डोक्यावरून जाणार. तो बिचारा मागे मागे सरकत राहणार, नाहीतर रॅकेट डोक्यावर धरून माशा हाकलल्यासारखे करणार. तासाभरात त्याच्या वाट्याला दहा चेंडू येतात, नऊ हुकतात. बाकीचा वेळ चेंडू गोळा करण्यात जातो. आठ दिवसांनी तो म्हणतो, "मला नाही जायचं." मग वडील म्हणतात, "आमच्या पोराला चिकाटीच नाही."

चिकाटी आहे हो त्याच्याकडे. मैदान त्याच्या मापाचे नाही.

लाल, नारिंगी, हिरवा

ही अडचण जगात इतरांनाही आली होती. युरोपात स्वीडन, ब्रिटन यांसारख्या देशांत १९७० आणि १९८०च्या दशकांतच छोटे मैदान, छोटी रॅकेट आणि स्पंजचा चेंडू घेऊन मुलांना टेनिस शिकवण्याचे प्रयोग झाले. पुढे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २००७ साली याची जगभर मोहीमच काढली. 'पहिल्या दिवसापासून खेळता आले पाहिजे' हे तिचे सार. सर्व्हिस करता यावी, चेंडू जाळीपलीकडे जावा, समोरच्याने तो परत करावा आणि गुण मोजता यावेत, हे पहिल्याच दिवशी घडले तर मूल टिकते, असा त्यामागचा विचार. २०१०मध्ये महासंघाने नियमच बदलला. १ जानेवारी २०१२ पासून दहा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धा नेहमीच्या पिवळ्या चेंडूने खेळवायच्या नाहीत, असे ठरले. टेनिससारख्या जुने धरून बसणाऱ्या खेळात नियम बदलणे ही साधी गोष्ट नव्हे.

या पद्धतीत तीन पायऱ्या आहेत. पहिली लाल. पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी. मैदान साधारण ३६ फूट लांब, १८ फूट रुंद. जाळी अडीच फुटांच्या थोडी वर, म्हणजे ८० सेंटिमीटर. चेंडू स्पंजचा किंवा मऊ लोकरीचा, मोठा आणि नेहमीच्या चेंडूपेक्षा ७५ टक्के संथ. तोच १०० इंचांवरून सोडला तर ३५ ते ४१ इंचच उसळतो, म्हणजे मुलाच्या डोक्याच्या खालीच राहतो. एवढ्या उसळीचा चेंडू त्याला कमरेशी आरामात गाठता येतो. रॅकेट १७ ते २३ इंचांची. दुसरी पायरी नारिंगी, आठ ते दहा वर्षांसाठी. मैदान ६० फूट लांब, चेंडू निम्म्याने संथ, रॅकेट २३ ते २५ इंचांची. तिसरी हिरवी. येथे मैदान पूर्ण, पण चेंडू २५ टक्के संथ. त्यानंतर पिवळा चेंडू आणि मोठ्यांचे टेनिस.

यात वय हा अंदाज आहे. नऊ वर्षांचे मूल नव्याने सुरुवात करत असेल, तर त्यानेही चार दिवस लाल चेंडूने खेळावे. त्यात कमीपणा काही नाही. मोठी माणसेसुद्धा याच चेंडूंनी लवकर शिकतात.

तालमीला हे ठाऊक होते

कोणी म्हणेल, हे सगळे परदेशी फॅड आहे. मला तसे वाटत नाही. आपला कोल्हापूर भाग कुस्तीचा. तालमीत पहिल्या दिवशी आलेल्या आठ वर्षांच्या पोराला वस्ताद कधी हिंदकेसरीशी भिडवतो का? त्याला आधी माती उकरायला लावतो, जोर-बैठका काढायला लावतो, त्याच्याच जोडीच्या पोराशी खेळवतो. जत्रेच्या मैदानाची सुरुवातही लहान पोरांच्या रेवड्यांच्या, खोबऱ्याच्या कुस्त्यांनी होते. मोठ्या जोडी शेवटी सुटतात. जोड बघून कुस्ती लावणे हे आपल्या रक्तातले शहाणपण आहे. हेलसिंकीला १९५२ साली खाशाबा जाधवांनी पदक मिळवले ते याच मातीतल्या शहाणपणावर. त्यानंतर भारताला ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडले, आणि ते पदक लिअँडर पेसने मिळवले ते टेनिसमध्ये. कुस्ती आणि टेनिस यांचे असे नाते आहे!

क्रिकेटमध्येही आपण हे करतोच. सुताराकडून फळी कापून लहान मुलाला त्याच्या मापाची बॅट करून देतो. गल्लीत बावीस यार्डांची खेळपट्टी कोणी आखत नाही. ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे अंतर ठरते.

मुलांना मोकळे सोडले, तर ती आपले माप आपणच काढतात. २०१९च्या महापुरात तालुक्यातली कितीतरी कुटुंबे छावण्यांत राहायला आली होती. तेथे औषधे वाटायला गेलो असता एका शाळेच्या व्हरांड्यात मुलांचा खेळ रंगलेला दिसला. दोन खांबांना गुडघ्याएवढ्या उंचीवर दोरी बांधलेली, चिंध्यांचा चेंडू आणि हातात पुठ्ठ्याचे तुकडे. चेंडू दोरीवरून पलीकडे जायचा, एक टप्पा चालायचा, दोन टप्पे पडले की गडी बाद. घरात पाणी शिरलेल्या त्या मुलांना टेनिसचे नावही कोणी सांगितले नव्हते. पण अंतर किती, दोरी किती उंच, चेंडू किती मऊ, हे त्यांनी तंतोतंत आपल्या अंगाप्रमाणे ठरवले होते.

हाड अजून कच्चे असते

आता थोडे वैद्यकशास्त्र. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, हे आम्हा डॉक्टरांना पहिल्या वर्षापासून घोकायला लावतात. औषधाचा डोस आम्ही वजनावर ठरवतो. खेळाचाही डोस तसाच ठरवला पाहिजे.

मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पातळ पट्टी असते. हाड तेथूनच वाढते. मुलींमध्ये साधारण चौदा ते सोळा आणि मुलांमध्ये सोळा ते अठरा वर्षांपर्यंत ही पट्टी पूर्ण हाडात बदलते. तोवर ती सांध्यातला सर्वांत नाजूक भाग असते. मोठ्या माणसाच्या बाबतीत ज्या झटक्याने स्नायू दुखावतो किंवा लिगामेंट ताणले जाते, तोच झटका वारंवार बसला तर मुलाच्या बाबतीत ही पट्टी दुखावू शकते. जड रॅकेट, डोक्यावरून येणारा चेंडू आणि रोज शे-दीडशे सर्व्हिस यांनी खांदा, कोपर, मनगट आणि कमरेचे मणके यांच्यावर ताण येतो. सिमेंटच्या मैदानावर उड्या मारून आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या टाचा दुखतात, बारा-तेराच्या आसपास गुडघ्याखालचे हाड सुजते. बहुतेकदा हे विश्रांतीने बरे होते. पण विश्रांती द्यायला पालक तयार पाहिजेत ना!

अशीच एक केस सांगतो. नऊ वर्षांचा मुलगा. शहरात एका ठिकाणी शिकायला जात होता. आठवड्यातून सहा दिवस दोन-दोन तास, मोठी रॅकेट, पिवळा चेंडू. खांदा दुखतो म्हणून वडील घेऊन आले. "एखादं इंजेक्शन द्या डॉक्टरसाहेब, रविवारी मॅच हाय." मी इंजेक्शन दिले नाही. हाडाच्या डॉक्टरांकडे पाठवले, फोटो काढला, आणि सहा आठवडे रॅकेटला हात लावायचा नाही असे ठरले. वडील नाराज झाले, पण त्यांनी ऐकले. मुलगा बरा झाला. पुढे तो लहान रॅकेट आणि हिरव्या चेंडूने पुन्हा खेळू लागला. दुखणाऱ्या मुलाला वेदनाशामक गोळी देऊन मैदानात उतरवणे म्हणजे गाडीचा लाल दिवा लागला म्हणून दिव्याची वायर कापण्यासारखे आहे.

एक साधा नियम लक्षात ठेवा. शिस्तीच्या सरावाचे आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत. सात वर्षांच्या मुलाला आठवड्याला सात तास ही कमाल झाली. सुरुवातीला तीन-चार तासही पुष्कळ. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी. वर्षातून दोन-तीन महिने त्या खेळाला रजा देऊन दुसरे काहीतरी: पोहणे, खो-खो, कबड्डी, झाडावर चढणे. आपल्या शेजारच्या सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर पाहा. तरुणपणी ते टेनिस खेळत होते; पुढे बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ साली परदेशात बॅडमिंटनचे विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय ठरले. त्यांचे चिरंजीव गौरव नाटेकर टेनिसमध्ये आले आणि १९९४च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसबरोबर दुहेरीचे सुवर्ण घेऊन परतले. सहाव्या वर्षी मुलाच्या कपाळावर एकाच खेळाचा शिक्का मारण्याची गरज नसते.

चेंडू हुकतो तेव्हा

छोट्या टेनिसचा आणखी एक फायदा मला डॉक्टर म्हणून फार मोलाचा वाटतो. मोठा, रंगीत, संथ चेंडू समोरून येतो आहे आणि तरीही एखादे मूल तो सतत हुकवते आहे, तर त्याचे 'ध्यान नाही' म्हणून पाठीत धपाटा घालण्यापूर्वी त्याचे डोळे तपासून घ्या. दुसरीतली एक मुलगी अशीच माझ्याकडे आली होती. खेळात धडपडते, चेंडू धरता येत नाही, अशी गुरुजींची तक्रार. एकेक डोळा झाकून तक्ता वाचायला लावला, तर डाव्या डोळ्याने तिला वरच्या दोन ओळींपलीकडे काही दिसेना. दोन्ही डोळे उघडे असताना उजवा डोळा काम भागवून नेत होता, त्यामुळे घरात कोणालाच पत्ता नव्हता. अशा 'आळशी' डोळ्यावर जितक्या लवकर उपचार सुरू होतील तितके चांगले. सात-आठ वर्षांनंतर यश मिळणे अवघड होत जाते. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, एवढ्याने तिची नजर पुष्कळ सुधारली. पिवळ्या चेंडूने सगळ्याच मुलांचे फटके हुकतात. त्यात अशी मुलगी ओळखू येत नाही. मापाच्या खेळात ती लगेच दिसते.

आणि डोळ्यांचा विषय निघालाच आहे तर मोबाईलचेही बोलू. "पोरगं मोबाईल सोडंना," ही तक्रार मी दिवसातून चार वेळा ऐकतो. लांबचे न दिसणारी मुले वाढत आहेत, हे आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. घराबाहेर, उजेडात खेळणाऱ्या मुलांना हा दोष लागण्याचे प्रमाण कमी असते, हे अनेक देशांत दिसून आले आहे. तैवानमध्ये २०१० पासून शाळांनी मुलांना रोज १२० मिनिटे उघड्यावर काढण्याचा कार्यक्रम घेतला, तो याच कारणासाठी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या सूचनांत ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी एक तास तरी धाप लागेल अशी हालचाल करावी, असे सांगितले आहे. मोबाईल काढून घेतला की मूल रडते. पण त्या जागी दुसरे काही हातात दिले तर पाच मिनिटांत विसरते. ते दुसरे काही आपल्याजवळ हवे.

शंका आणि उत्तरे

पहिली शंका: "आम्ही नाही का कैची मारून मोठ्या सायकलीवर शिकलो? आमचे काय वाईट झाले?" मीही कैचीच मारत शिकलो. दांड्याखालून पाय घालून, एका अंगाला वाकून. मजा होती, खोटे कशाला बोलू? पण त्या काळी लहान सायकल घरात नव्हती म्हणून आपण कैची मारली. ती शिकण्याची उत्तम रीत होती म्हणून नव्हे. हनुवटीचे आणि गुडघ्याचे टाके ज्यांना पडले त्यांना विचारा. शिवाय जी पोरे पडून पडून कंटाळली आणि सायकलच शिकली नाहीत, ती आज आपल्याला सांगायला येत नाहीत.

दुसरी शंका: "लाल चेंडूची सवय लागली तर पुढे पिवळा झेपेल का?" झेपेल. पायऱ्या आहेत त्या यासाठीच. उलट, मोठ्या रॅकेटने सुरुवात केलेले मूल वजन पेलण्यासाठी मनगट वाकडे करते, रॅकेट मधोमध धरते, आणि ती खोड मोडायला पुढे वर्षे जातात.

तिसरी शंका: "कबड्डी, खो-खो असताना टेनिस कशाला?" ही शंका मला आवडते, कारण तीत आपल्या मातीचा अभिमान आहे. कबड्डी, खो-खो खेळाच, ते आधी खेळा. पण टेनिसला दोन गडी पुरतात, अंगाला अंग भिडत नाही, मुलगा-मुलगी, आजोबा-नातू एकत्र खेळू शकतात. कबड्डी बहुतेकांची पंचविशीत सुटते. टेनिस साठीतही खेळता येते. डेन्मार्कमध्ये सुमारे साडेआठ हजार लोकांवर पंचवीस वर्षे नजर ठेवून केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात टेनिस खेळणारे हे बसून राहणाऱ्यांपेक्षा सरासरी ९.७ वर्षे जास्त जगल्याचे आढळले; बॅडमिंटनवाले ६.२ वर्षे. मात्र याला मी पुरावा मानत नाही. टेनिस खेळणारा माणूस मुळातच खाऊनपिऊन सुखी असतो आणि सुखी माणूस जास्त जगतो. तरीही, ज्या खेळाला सोबती लागतो आणि जो उतारवयातही सुटत नाही, तो प्रकृतीला चांगला, एवढे म्हणायला हरकत नाही.

चौथी शंका सर्वांत खरी: "पैसा कुठून आणायचा?" त्याचे उत्तर पुढे.

चुन्याच्या चार रेघा

पूर्ण टेनिस कोर्ट बांधणे ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या आवाक्याबाहेरचे आहे, हे मान्य. पण लाल मैदानाला लागते ३६ फूट बाय १८ फूट जागा आणि भोवती थोडी मोकळीक. बॅडमिंटनच्या मैदानापेक्षाही हे लहान. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांच्या पटांगणात असे एक तरी सहज बसेल. एका मोठ्या टेनिस कोर्टावर आडवी आखली तर अशी चार मैदाने होतात; म्हणजे जेथे दोघे खेळत होते तेथे आठ मुले खेळतात.

जमीन सिमेंटची नको. पॅरिसच्या फ्रेंच स्पर्धेचे प्रसिद्ध लाल मैदान म्हणजे वरून पसरलेला विटांचा बारीक भुगा. आपल्या कृष्णा-पंचगंगेच्या काठाला वीटभट्ट्या काही कमी नाहीत! काळ्या जमिनीवर मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून चोपून घेतलेले पटांगण मुलांच्या टाचांना सर्वांत चांगले. चुन्याने चार रेघा ओढा. दोन बांबू रोवून ८० सेंटिमीटरवर सुतळी बांधा आणि तिच्यावर जुनी साडी किंवा खताची रिकामी पोती स्वच्छ धुऊन टाका, झाली जाळी. सुताराकडून प्लायवुडच्या मुठीच्या फळ्या कापून घ्या, कडा मात्र घासून गुळगुळीत करा. चेंडू स्पंजचा आणा. तो नसेल तर हवा गेलेला, लव झडलेला जुना टेनिसचा चेंडू वापरा. क्रिकेटवाल्यांनी टाकून दिलेला हा चेंडू लहान मुलांना अगदी योग्य, कारण तो उसळतच नाही. नवा, टणक चेंडू लहान मुलांच्या डोळ्याजवळ नको.

प्रशिक्षक मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर एखादे गुरुजी किंवा बाई, नाहीतर कॉलेजात जाणारी ताई-दादा मंडळी पुरेत. पहिल्या महिन्यात फक्त चेंडू वर उडवून झेलणे, एक टप्पा घेऊन पकडणे, मग हाताच्या तळव्याने मारणे, मग फळीने. सलग दहा चेंडू जाळीवरून गेले की टाळ्या. हार-जीत नंतर.

पालकांनी एवढे पाळावे:

रॅकेट मुलाने खाली सोडलेल्या हातात धरली, की तिचे टोक जमिनीला घासता कामा नये. घासले तर ती मोठी आहे.

उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतरच खेळ. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट पाणी. रंगीत बाटलीतली पेये नकोत.

दम्याच्या मुलाला घरात कोंडू नये. औषध नियमित असेल आणि पंप जवळ असेल, तर ते इतरांसारखेच खेळू शकते. आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

खेळल्यावर दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळीही राहिले, सांधा सुजला, मूल लंगडले किंवा दुखण्याने रात्री जागे झाले, तर मालीश नको, हाड बसवणारा नको. डॉक्टरांना दाखवा.

आणि मैदानाच्या कडेला उभे राहून ओरडू नये. खेळ मुलाचा आहे.

शेवटी एक मागणे. आपल्या तालुक्यात दरवर्षी यात्रांना, वाढदिवसांच्या फलकांना, डॉल्बीला किती खर्च होतो, ते मी सांगायला नको. त्यातल्या एका फलकाच्या पैशात एका शाळेचे छोटे मैदान उभे राहते. पावसाळ्यात पुराचे पाणी आले तर रेघा पुसल्या जातील, हे खरे. गाळ काढून पुन्हा ओढता येतात. त्यातून विम्बल्डनला जाणारी मुलगी निघेलच, असे मी म्हणत नाही, आणि ते उद्दिष्टही नव्हे. शंभरातली नव्वद मुले धावतील, घामाघूम होतील, संध्याकाळी कडकडून भूक लागून दोन भाकरी जास्त खातील आणि मोबाईल न बघता झोपी जातील. माझ्या दवाखान्यातली गर्दी तेवढी कमी होईल. त्याची मला काळजी नाही.